अठरा टक्क्यांचं दुखणं

पत्र थोडक्यात: पत्रलेखक २६ वर्षांचा आहे. वर्षभर पैसे बाजूला टाकून त्याने प्लेस्टेशन ५ (पीएस५) हा गेम कन्सोल घेतला. थोड्याच दिवसांत त्याच्या आतेभावाने एक्सबॉक्स सीरीज एक्स हा दुसरा कन्सोल आणला आणि पहिल्याच भेटीत ऐकवलं, "तुझा दहा टेराफ्लॉपचा, माझा बाराचा." (टेराफ्लॉप म्हणजे यंत्राच्या चिपच्या गणिती वेगाचं माप.) तेव्हापासून पत्रलेखक दोन्ही यंत्रांची एक एक्सेल शीट भरतो आहे. तिच्यात आता ४१ रकाने झालेत. रात्री तो तुलनेचे व्हिडिओ बघतो, चित्र थांबवून, मोठं करून. गेल्या तीन महिन्यांत त्याने एकही गेम पूर्ण केलेला नाही. दोघं भाऊ शनिवारी रात्री ऑनलाइन खेळायचे, तेही बंद पडलंय. त्याचा प्रश्न: "मी चुकीचं मशीन घेतलं का? हे विकून सीरीज एक्स घेऊ, की थेट पीएस५ प्रोवर जाऊ? ताई, मला अरे-तुरे केलंत तरी चालेल."

चालेल म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करते.

शीट पाठवलीस ते बरं केलंस. रात्री सहज उघडली आणि तासभर तिच्यातच बसले, कारण हा रोग मलाही आहे. आकडे नीट जमवले आहेस. मेमरीचा वेग, चिपचा क्लॉक, पंख्याचा आवाज, सगळं आहे. फक्त ४१ रकान्यांत एकाही गेमचं नाव नाही. तू यंत्र कशासाठी घेतलंस हे त्या शीटवरून कुणाला ओळखता येणार नाही.

पण आधी तुला छळणारा आकडा उघडून बघू, नाहीतर माझं बाकीचं बोलणं तुला समजूत घातल्यासारखं वाटेल.

तुझ्या पीएस५च्या ग्राफिक्स चिपमध्ये ३६ कम्प्युट युनिट आहेत. प्रत्येकात गणित करणारे ६४ घटक, आणि प्रत्येक घटक क्लॉकच्या एका ठोक्याला दोन क्रिया करतो, एक गुणाकार आणि एक बेरीज. क्लॉक जास्तीत जास्त २.२३ गिगाहर्ट्झ. ३६ गुणिले ६४ गुणिले २ गुणिले २.२३ केलंस की सुमारे १०.२८ टेराफ्लॉप येतात, म्हणजे सेकंदाला १०.२८ लाख कोटी क्रिया. भावाच्या यंत्रात ५२ युनिट आहेत, क्लॉक १.८२५ गिगाहर्ट्झ. तोच गुणाकार केला की १२.१५. फरक अठरा टक्के. हा आकडा कुणी गेम चालवून मोजलेला नाही, तो कागदावरचा गुणाकार आहे. प्रत्येक घटकाला प्रत्येक ठोक्याला काम मिळालं तर काय होईल, एवढंच तो सांगतो. प्रत्यक्षात ते घटक बराच वेळ मेमरीतून माल येण्याची वाट बघत असतात.

एक कचेरी डोळ्यांसमोर आण. एकीकडे ५२ कारकून शांतपणे काम करताहेत, दुसरीकडे ३६ कारकून झपाट्याने. कारकुनांची संख्या गुणिले वेग केलं की पहिली कचेरी पुढे. पण दुसऱ्या कचेरीत फायली आणणारा शिपाई आणि शिक्के मारणारा माणूसही तितक्याच झपाट्याने चालतो, आणि ती दोघं टेराफ्लॉपमध्ये मोजलीच जात नाहीत. मार्क सर्नी यांनी १८ मार्च २०२०च्या भाषणात पीएस५ची बाजू मांडताना हाच मुद्दा सांगितला होता: क्लॉक वाढला की चिपमधली बाकीची यंत्रणाही वेग घेते. ते स्वतः त्या यंत्राचे रचनाकार, त्यामुळे आपल्याच लेकराचं कौतुक म्हणून थोडं सोडून दे. पण नोव्हेंबर २०२०मध्ये दोन्ही यंत्रं बाजारात आली आणि 'असॅसिन्स क्रीड वल्हाला' शेजारी-शेजारी चालवून पाहिला गेला, तेव्हा सुरुवातीच्या आवृत्तीत सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, जास्त नीट धरून ठेवणारा पीएस५ निघाला. बाराची बढाई मारणारे तेव्हा बरेच गोंधळले होते. पुढे दुरुस्त्या आल्या, एक्सबॉक्सची साधनं विकसकांच्या हाती रुळली, आणि अनेक गेममध्ये सीरीज एक्सवर रिझोल्यूशन थोडं जास्त दिसू लागलं. तेव्हा तुझा भाऊ खोटं बोलत नाहीये. तो एका रकान्याला निकाल समजतोय.

आणि हा रकाना दोन पिढ्यांमध्ये तर अजिबात लावू नकोस. २०१७चा एक्सबॉक्स वन एक्स ६ टेराफ्लॉपचा होता, २०२०चा सीरीज एस, म्हणजे सीरीज एक्सचं धाकटं भावंड, ४चा. या हिशेबाने नवं यंत्र मागे पडायला हवं. पण त्यातला प्रोसेसर जुन्यापेक्षा कितीतरी पटींनी दमदार आहे, हार्ड डिस्कच्या जागी तिच्याहून कितीतरी वेगवान एसएसडी आहे, आणि ग्राफिक्सची रचना नवी असल्यामुळे तिथला एक टेराफ्लॉप जुन्या टेराफ्लॉपपेक्षा जास्त काम काढतो. भावाला एकदा विचार, या दोघांतला कुठला घेशील.

तूही मात्र धुतल्या तांदळासारखा नाहीस. शीटच्या तिसाव्या रकान्यात तू एसएसडीचा वेग ठळक करून ठेवलायस: आपला सेकंदाला ५.५ जीबी, त्याचा २.४. शेजारी हसरा चेहराही काढलायस. हे आकडे बरोबर आहेत, पण तुझं हे समाधान आणि त्याची ती बढाई एकाच मापाची. दुपटीहून जास्त वेग असूनही दोन्हीकडे येणाऱ्या बहुतेक गेममध्ये लोडिंगचा फरक थोडक्या सेकंदांचाच पडतो, कारण माल डिस्कवरून आला तरी त्यातून गेम उभा करायला प्रोसेसर लागतो, आणि तो दोघांकडे जवळजवळ सारखा आहे: आठ कोअरचा झेन २.

आता जिथे खरी गंमत आहे तिथे येऊ.

साठ फ्रेमच्या गेममध्ये प्रत्येक चित्र तयार करायला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळाने टीव्हीची गाडी सुटते. समजा एखादं दृश्य तुझं यंत्र १६.५ मिलिसेकंदांत काढतं आणि भावाचं अठरा टक्के जास्त वेगाने, म्हणजे १४ मध्ये. दोघांनाही तीच गाडी मिळते. तो फलाटावर अडीच मिलिसेकंद जास्त उभा राहिला, एवढंच. गाडी चुकली तर मात्र फरक दिसतो, फ्रेम पडते. म्हणून गेम बनवणारे मुळात असा बेत करतात की कुठल्याच यंत्राची गाडी सहसा चुकू नये. काम जड झालं की रिझोल्यूशन क्षणभर खाली आणतात, हलकं झालं की वर नेतात.

धरून चाल की भावाचे अठराच्या अठरा टक्के फक्त रिझोल्यूशनवर खर्च झाले. तुझ्याकडे एखादं दृश्य २५६० बाय १४४० ला चाललंय, म्हणजे साधारण ३७ लाख पिक्सेल. त्याच्याकडे मग साडेत्रेचाळीस लाख, म्हणजे अंदाजे २७८० बाय १५६४. प्रत्येक बाजूने नऊ टक्केसुद्धा नाही. आणि दोन्ही चित्रं शेवटी ताणून ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर बसवली जातात. तू रात्री व्हिडिओ थांबवून चारपट मोठा करून जे शोधतोस ना, ते हे आहे. चारपट मोठं केल्याशिवाय ते सापडत नाही, म्हणूनच ते व्हिडिओवाले मोठं करून दाखवतात. त्यांचं कामच ते आहे आणि ते चोख करतात. पण तुझ्या बसायच्या जागेवरून भिंग घेऊन कुणी खेळत नाही.

आता हीच गोष्ट तुझ्या स्वतःच्या यंत्रात बघ. बऱ्याच गेमच्या सेटिंग्जमध्ये दोन पर्याय असतात, एक 'क्वालिटी', एक 'परफॉर्मन्स'. पहिल्यात बहुधा तीस फ्रेम आणि जास्त रिझोल्यूशन, दुसऱ्यात साठ फ्रेम आणि कमी रिझोल्यूशन. तीस आणि साठमध्ये दुपटीचा फरक. म्हणजे तुझ्या आणि भावाच्या यंत्रात आहे त्यापेक्षा कितीतरी मोठा फरक तुझ्याच एका बटणात बसलाय. तू आत्ता कुठल्या मोडवर खेळतोस हे पत्रात लिहिलेलं नाहीस. मला दाट शंका आहे की तुलाही ते आठवत नसावं. (पीएस५च्या सेटिंग्जमध्ये 'गेम प्रीसेट्स' म्हणून जागा आहे. तिथे कायमची पसंती सांगून ठेवता येते आणि पुष्कळ गेम ती पाळतात.)

म्हणून तुला एक काम सांगते. घरातल्या कुणाला तरी कंट्रोलर दे आणि तू टीव्हीकडे पाठ कर. त्याने मनाला येईल तो मोड लावायचा आणि कागदावर लिहून ठेवायचा. मग तू नेहमीच्या जागी बसून दोन मिनिटं बघायचं, खेळायचं नाही, आणि कुठला मोड ते सांगायचं. असं दहा वेळा. दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा, पण या वेळी कंट्रोलर हातात घेऊन खेळत. नुसत्या अंदाजाने दहापैकी पाचेक उत्तरं कुणाचीही बरोबर येतात. नऊ-दहा आली तर तुला फरक कळतो असं समज. माझा अंदाज असा की बघताना तू अडखळशील आणि हातात घेतल्यावर चटकन ओळखशील, कारण साठ फ्रेमचा हलकेपणा डोळ्यांच्या आधी अंगठ्याला कळतो. आणि बघतानाही सगळे बरोबर आलेच, तर तो उलगडाही तुझ्या यंत्राच्या आतच झाला. त्यासाठी भावाचं यंत्र लागलं नाही.

या निमित्ताने माझीही एक फजिती ऐक. आम्ही नवा टीव्ही घेतला तेव्हा मी महिनाभर कन्सोलच्या नावाने बोटं मोडत होते. चित्र गुळगुळीत प्लास्टिकसारखं, उडी मारली की पात्र जरा विचार करून उडतंय असं वाटायचं. मीही तुझ्यासारखेच व्हिडिओ बघून ठरवून टाकलं होतं की यंत्रात दम नाही. शेवटी भाचा आला, त्याने टीव्हीचा रिमोट घेतला, 'गेम मोड' चालू केला, चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद केली, आणि केबल मागच्या दुसऱ्या पोर्टमध्ये खोचली. त्या टीव्हीच्या चार पोर्टपैकी दोनच १२० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं घेणारे होते, आणि मी तिसऱ्यात घातली होती. भाचा काही बोलला नाही, नुसता हसला. तेव्हा आधी टीव्ही तपास. गेम मोड आहे का, एचडीएमआय २.१ (तसं वेगवान पोर्ट) आहे का, व्हीआरआर आहे का. व्हीआरआर म्हणजे यंत्राचं चित्र तयार होईल तेव्हा टीव्हीने गाडी सोडायची, ठरल्या वेळेची वाट बघायची नाही. मघाशी म्हटलेली चुकलेली गाडी त्याने बरीचशी झाकली जाते. पीएस५ला ही सोय एप्रिल २०२२मध्ये मिळाली. टीव्ही जुना असेल तर भावाचं यंत्र आणून जोडलंस तरी त्या अठरा टक्क्यांतलं फारसं काही तुझ्या डोळ्यांपर्यंत पोचणार नाही.

यंत्राचे आकडे सगळे फोल, असं मात्र मी म्हणत नाहीये. कुठे नडतात ते सांगते. २०२३मध्ये 'बॉल्डर्स गेट ३' पीएस५वर सप्टेंबरात आला आणि एक्सबॉक्सवर थेट डिसेंबरात, कारण सीरीज एसवर एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांनी खेळण्याची सोय बसत नव्हती. शेवटी ती सोय सीरीज एसवर वगळूनच गेम आला. सीरीज एसकडे मेमरी १० जीबी, मोठ्या भावंडाकडे १६. पिक्सेल कमी पडले तर चित्र ताणून वेळ मारून नेता येते, मेमरी कमी पडली तर सामान ठेवायचं कुठे? तसंच प्रोसेसरचं. 'ड्रॅगन्स डॉग्मा २'च्या शहरात शिरलं की फ्रेम पडतात, कारण तिथल्या एकेका माणसाचा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो, आणि रिझोल्यूशन कितीही खाली आणलं तरी ती माणसं कमी होत नाहीत. तुझ्या आणि भावाच्या यंत्रात मेमरी दोघांकडे १६ जीबी. तुझी सगळी ४४८ जीबी प्रतिसेकंद वेगाची. त्याच्याकडे १० जीबी ५६० च्या वेगाची आणि उरलेली ६ जीबी ३३६ ची. प्रोसेसरचा क्लॉक त्याचा थोडासा वर. यातून गेम चालणं-न चालणं ठरत नाही.

आता तुझे पर्याय.

विकून सीरीज एक्स घेणं. सरळ सांगते, नको. तू डिजिटल विकत घेतलेले गेम सोबत येणार नाहीत आणि बहुतेक गेमचे सेव्हही नाही. हातात पडणार काय, तर कधीमधी दिसणारं नऊ टक्के जास्त रिझोल्यूशन. फक्त एकाच परिस्थितीत मी हो म्हणेन: तुला हवे असलेले गेम तिकडेच असतील तर. पण तेही कारण आता आटत चाललंय. २०२५मध्ये 'फोर्झा होरायझन ५' आणि 'गिअर्स ऑफ वॉर'ची नवी आवृत्तीसुद्धा पीएस५वर आली.

प्रोचा, म्हणजे पीएस५च्या वरच्या आवृत्तीचा, प्रश्न जास्त खरा आहे. नोव्हेंबर २०२४चं हे यंत्र तुझ्या शीटमध्ये १६.७ म्हणून चमकतंय, तुझ्या १०.२८ शेजारी ६२ टक्क्यांनी जास्त. पण सोनी स्वतः गेममधला चित्र काढण्याचा वेग ४५ टक्क्यांपर्यंत वाढेल असं म्हणते. बघ, बनवणाऱ्यालाच आपला टेराफ्लॉप पुरता वटवता येत नाही. युनिट ३६ची ६० झाली, मेमरीचा वेग मात्र ४४८ वरून ५७६ वरच गेला. प्रोसेसर तोच झेन २, क्लॉक फार तर दहा टक्के वर. म्हणजे 'ड्रॅगन्स डॉग्मा'च्या शहरातली गर्दी तिथेही गर्दीच राहते. जिथे प्रो खरंच फरक पाडतो ती जागा वेगळी: परफॉर्मन्स मोडवर धुरकट दिसणारं चित्र त्याचं पीएसएसआर हे तंत्र स्वच्छ करतं, म्हणजे साठ फ्रेम घेऊनही क्वालिटीच्या जवळपासचं चित्र. मोठा ४के पडदा असेल, जवळ बसत असशील, आणि वर सांगितलेल्या खेळात तुझी नऊ-दहा उत्तरं बरोबर आली, तर प्रोचा विचार अवश्य कर. डिस्कवर गेम घेत असशील तर लक्षात ठेव, त्यात डिस्क ड्राइव्ह नसतो, वेगळा जोडावा लागतो. आणि तू प्रो घेणार असशील तर तो घेण्याचं कारण भाऊ नसावा. कारण भावाला उत्तर म्हणून घेतलेलं यंत्र त्याचं पुढचं यंत्र येईपर्यंतच जिंकतं.

हे वाचणाऱ्या आणि अजून काहीच न घेतलेल्या मंडळींसाठी दोन ओळी: आधी पाच गेमची नावं लिहा, मग ज्यांच्याशी खेळणार त्या माणसांची. गेम क्रॉसप्ले आहे का, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरून एकमेकांशी खेळता येतो का, ते बघा, नसेल तर माणसं जिकडे तिकडे जा. टीव्ही बघा, डिस्क ड्राइव्ह हवा का ठरवा, आत गेमसाठी जागा किती उरते ते बघा. सीरीज एसच्या ५१२ जीबीतले जेमतेम ३६४ हाती लागतात. एवढं झाल्यावर टेराफ्लॉप बघायचे तर खुशाल बघा.

हा वाद काही तुम्हा दोघा भावांनी काढलेला नाही, हेही सांगून ठेवते. मेगा ड्राइव्ह आणि सुपर निन्टेंडो या जुन्या कन्सोलच्या काळात मुलं ७.६ मेगाहर्ट्झ विरुद्ध ३.५८ असं भांडायची. सुपर निन्टेंडोचा प्रोसेसर निम्म्या वेगाचाही नव्हता, पण तो रंग मात्र कितीतरी जास्त दाखवायचा, म्हणून दोन्ही बाजूंना भांडायला आपापला रकाना होता. प्लेस्टेशन २ आपल्या पिढीतल्या एक्सबॉक्स आणि गेमक्यूबपेक्षा कमी ताकदीचा, आणि विक्रीत आजवर त्याच्या पुढे कुणी गेलेलं नाही. मूळ निन्टेंडो स्विच तर पीएस४पेक्षाही दुबळा, तरी १५ कोटींहून अधिक खपला.

पत्रातलं एक वाक्य मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तू लिहिलंस, "शनिवारी आता तो फोन करत नाही, मीही करत नाही." शीटमधल्या एकाही आकड्याने मला एवढं थांबवलं नाही. तुम्ही जो फुटबॉलचा गेम खेळायचात तो क्रॉसप्ले आहे, दोन्ही यंत्रांवरून एकमेकांशी खेळता येतो. म्हणजे यंत्र बदलल्याने काहीच तुटलेलं नव्हतं. त्याने टोमणा मारला, तुला लागला, आणि तू उत्तर शोधायला शीटमध्ये शिरलास ते बाहेर आलाच नाहीस. त्यालाही बहुधा वाटत असेल की आपण काय एवढं बोललो.

या शनिवारी तूच फोन कर. टेराफ्लॉपचा विषय काढू नकोस, त्याने काढला तर "तुझे बारा, मान्य" म्हणून मॅच सुरू कर. पुढच्या वेळी तो घरी आला की त्यालाच टीव्हीसमोर बसवून त्या दहा फेऱ्या खेळायला लाव. कंट्रोलर तू घे, कागदावर मोड तू लिही. तुझे किती बरोबर आले आणि भावाचे किती, दोन्ही मला कळव.